काकवी छान झालीये

पहिल्या वर्षी मी अकरा बाटल्या भरल्या. एक रात्र ओट्यावर ठेवल्या, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या. तरी बाटली आडवी केली की आतला ऐवज निवांत झाकणाकडं चालू लागायचा. बायकोनं चमचाभर पोळीवर घेतला, सुरळी करून खाल्ला आणि म्हणाली, "काकवी छान झालीये." आम्ही दोघंही सांगली जिल्ह्यातले, गुऱ्हाळावरची काकवी खाऊन वाढलेले. त्यामुळं या वाक्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला बरोबर कळलं.

मला करायची होती जेली. रानद्राक्षांची. जॅममध्ये फळाचा गर असतो; जेलीत फक्त गाळलेला रस आणि साखर. ती काचेसारखी आरपार दिसायला हवी, चमच्यावर थरथरायला हवी आणि वाहायला नको. एवढ्या तीन गोष्टी जमायला मला चार वर्षं लागली. मागं वळून बघताना एक गोष्ट लक्षात येते, यातली जवळजवळ प्रत्येक चूक मला काहीतरी येत होतं म्हणून झाली.

मी तासगाव तालुक्यातला. घरी द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग विरळणी, मण्यांत पाणी उतरलं की साखर मोजायचा ब्रिक्स मीटर घेऊन ओळीओळीनं फिरणं, हे सगळं मी शाळेच्या अभ्यासाबरोबरच शिकलो. नोकरीच्या निमित्तानं अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला येऊन आता बरीच वर्षं झाली. पण कुणी द्राक्षांचा विषय काढला की माझी मान अजून जरा ताठ होते.

ह्यूरॉन नदी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिच्या काठानं, कुंपणांच्या तारांवर, मोठ्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत रानद्राक्षांचे वेल चढलेले असतात. इथले लोक त्याला 'रिव्हरबँक ग्रेप' म्हणतात. शास्त्रीय नाव 'व्हायटिस रिपारिया', म्हणजे नदीकाठचंच द्राक्ष. घड तळहाताएवढा, मणी वाटाण्याएवढे, काळेनिळे, वर पांढरट मेणाची लव. तोंडात टाकला की आधी आंबट, मग तुरट, मग पुन्हा आंबट. गर नावाला आणि बिया पोटभर. आमच्याकडचा व्यापारी असला माल बघून गाडीतून उतरलाही नसता.

शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. आम्ही घरात त्यांना आजी म्हणायचो. दर सप्टेंबरात त्या ही द्राक्षं आणून जेली करत आणि एक बाटली आमच्या दारात ठेवून जात. रंग गडद जांभळा, उजेडात धरली की माणकासारखी. चव विकतच्या जेलीपेक्षा धारदार. एकदा त्या म्हणाल्या, "या वेळी बरोबर या, दाखवते कशी करायची." मी म्हणालो, "मी द्राक्षांच्या बागेतच वाढलोय." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तर प्रश्नच नाही."

प्रश्न होता. पहिला प्रश्न द्राक्षापर्यंत पोचायच्या आधीच आला.

आमच्या बागेत वेल मांडवावर असतो. खाली उभं राहायचं, हात वर करायचा, घड कापायचा. इथं वेल झाडोऱ्यात घुसलेला. मी बाह्या वर सारल्या आणि हातानंच बाकीचं रान बाजूला ओढत आत शिरलो. त्या रानात तीन-तीन पानांचा एक वेल होता, कडेनं तांबूस व्हायला लागलेला. दिसायला छान होता म्हणून एक फांदी नीट बघितलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, तिसऱ्या दिवशी फोड आले आणि मग दोन आठवडे मी झोपलो म्हणजे खाजवायचा थांबलो एवढंच. तो वेल 'पॉयझन आयव्ही'. तो बिब्ब्याच्याच कुळातला. आंबा आणि काजूही त्याच कुळातले. बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे आपल्याकडं खेड्यातल्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण बिब्ब्याचा चुलतभाऊ मिशिगनमध्ये माझी वाट बघत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. इथली पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात की तीन पानांच्या वेलाला हात लावायचा नाही. आता मी पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि हातमोजे घालून जातो, आणि आल्यावर कपडे वेगळे धुतो, कारण तो चीक कपड्यांवरूनही अंगाला लागतो.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्याच दिवशी मी दोन बादल्या भरून परत येत होतो. आजी अंगणात होत्या. त्यांनी बादलीत हात घातला, वरचे घड बाजूला केले आणि खालून एक बारीक घड काढला. त्यातला मणी बोटांनी चिरडून तळहात माझ्यापुढं धरला. आत एकच बी होतं, चपटं, चंद्रकोरीसारखं वाकलेलं. "हे द्राक्ष नाही," त्या म्हणाल्या. "हे मूनसीड. विषारी आहे."

रंग तोच, लव तीच, घड साधारण तसाच. फरक कुठं, तर द्राक्षाच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, मूनसीडची गुळगुळीत. द्राक्षाच्या वेलाला आधार धरायला तणावे असतात, याला नसतात. आणि सगळ्यांत खात्रीची खूण बी. द्राक्षात दोन-चार बिया असतात, थेंबाच्या आकाराच्या; यात एकच, चंद्रकोर. हे तपासायला मणी चिरडण्यापलीकडं काही करावं लागत नाही. मी एकही मणी चिरडला नव्हता. का चिरडीन? माझा सगळा जन्म बिनबियांच्या द्राक्षात गेला. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, सगळीच बिनबियांची. द्राक्षात बी बघायचं असतं हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढं आहे. मी त्यांचे आभार मानले नाहीत. "हो हो, निवडताना दिसलंच असतं मला," असं म्हणालो. दिसलं नसतं. त्या काही बोलल्या नाहीत. दोन्ही बादल्या गवतावर ओतून माझ्याबरोबर एकेक घड तपासत बसल्या. आणखी तीन निघाले.

आता रस. माझे हात आधीच चुरचुरत होते, तरी मी परातीत मणी घेऊन हातानं कुस्करायला बसलो. अर्ध्या तासात तळहात असे पेटले की मी बर्फाच्या पाण्यात हात घालून बसलो. या द्राक्षांत आम्ल एवढं असतं की उघड्या हातानं कुस्करणाऱ्याला ते भाजल्यासारखं लागतं. उरलेल्या मण्यांवर मी मग घरचा उपाय केला, मिक्सर. दोन फेऱ्यांत काम फत्ते. पण मिक्सरला गर आणि बी यातला फरक कळत नाही. बिया फुटल्या आणि रसात असा कडवट तुरटपणा उतरला की वर कितीही साखर घाला, जिभेच्या मागं तो तसाच बसून राहिला. खरं तर कुस्करायची गरजच नव्हती. पातेल्यात थोडं पाणी घालून मणी मंद आचेवर दहा-एक मिनिटं ठेवले, वर लाकडी पळीनं हलकं दाबलं, की सालं आपोआप फुटतात आणि बिया शाबूत राहतात. पातेलं मात्र स्टीलचं हवं. एवढ्या आंबट रसाला ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही.

पण हे सगळं नीट झालं असतं तरी त्या वर्षी जेली जमली नसतीच. त्याचं कारण बादलीतच होतं. मी सगळे पिकलेले घड आणले होते. एकेक बघून, चाखून. जे थोडे लालसर, कच्चट होते ते वेलावरच सोडले. बागायतदाराचा पोरगा, कच्चा माल कसा तोडेल? अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, साखर भरल्याशिवाय घडाला कात्री लावायची नाही. ते खाण्याच्या द्राक्षासाठी होतं. जेली गोठते ती फळातल्या पेक्टिनमुळं, आणि फळ पिकत जातं तसं त्यातलं पेक्टिन कमी होतं. फळ मऊ पडतं ते त्यामुळंच. म्हणून जेलीसाठी चार घडांत एक घड मुद्दाम कच्चट घ्यायचा असतो. तीन चवीसाठी, एक गोठण्यासाठी. मी तो चौथा घड वेलावर ठेवून आलो होतो.

वर आणखी एक शहाणपण केलं. रस भरपूर होता, म्हणून तिप्पट साखर मोजून सगळा एकाच मोठ्या पातेल्यात चढवला. गुऱ्हाळात कढई केवढी असते! पण गुळाला उकळी जितकी सोसते तितकी जेलीला सोसत नाही. पातेलं मोठं, पाणी आटायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उकळत राहिलं तर जे थोडंफार पेक्टिन आहे तेही तुटतं. एका वेळी थोडाच रस घ्यायचा, हा नियम पुस्तकांत असतो. मी तो वाचला होता. मला वाटलं, तो छोट्या स्वयंपाकघरांसाठी असेल.

तर अशा अकरा बाटल्या झाल्या. त्यांवर मी इंग्रजीत 'रानद्राक्षांचं सिरप' अशा चिठ्ठ्या लावल्या आणि ऑफिसात वाटल्या. जणू मला सिरपच करायचं होतं. एकानं विचारलं, पाककृती देशील का? मी म्हणालो, आमच्या घराण्याची आहे, देता येत नाही. आजींना बाटली दिली तेव्हा त्यांनी ती तिरकी करून बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या वर्षी सगळ्यांचंच सिरप होतं."

दुसऱ्या वर्षी मी दुकानातून पेक्टिनची पावडर आणली. म्हटलं, फळावर भरवसाच नको. त्याच वर्षी माझ्या रक्तातली साखर काठावर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या साखरेच्या निम्मी घातली. आपल्याकडं शिऱ्यात साखर कमी घातली तर शिरा कमी गोड होतो, एवढंच. जेलीत साखर गोडीपेक्षा मोठं काम करते. पेक्टिनचे धागे पाण्यात सुटे तरंगत असतात. साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, आम्ल त्यांचं एकमेकांना दूर ढकलणं थांबवतं, तेव्हा ते धागे एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. त्या जाळ्यात रस अडकला की जेली. साखर कमी पडली की धागे सुटेच राहतात. साधारण शंभरात पासष्ट भाग साखर आणि विरघळलेले पदार्थ असावे लागतात. कमी साखरेत गोठणारं पेक्टिन वेगळं मिळतं, ते कॅल्शियमच्या मदतीनं जाळं धरतं. त्याच फळीवर, शेजारच्याच पाकिटात होतं. मी ते बघितलं नाही.

गोठेना, म्हणून पुन्हा चुलीवर चढवली. आता माझ्यातला पाक जाणणारा जागा झाला. आई बुंदीच्या लाडवाचा पाक करताना थेंब बोटांत धरून तार बघायची. ते मी हजार वेळा बघितलेलं. मी थेंब घेतला. एकतारी. बाटलीत ओतायला मला ते पातळच वाटलं. म्हटलं, जरा अजून. दोनतारी झाला तेव्हा उतरवला. गरम जेली नेहमीच पातळ दिसते, ती गार होताना धरते, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाटलीत चमचा उभा राहिला. तो बाहेर काढायला बाटली गरम पाण्यात बुडवावी लागली. लेकीनं विचारलं, "बाबा, हे खायचं की चिकटवायचं?"

जेलीची परीक्षा वेगळी असते. चमचा पातेल्यातून वर उचलून आडवा धरायचा. सुरुवातीला थेंब सुटे सुटे पडतात. मग दोन थेंब कडेला एकत्र येतात. आणि मग ते एकच पत्रा होऊन चमच्यावरून घसरतात, त्या क्षणी आच बंद. थर्मामीटर असेल तर आणखी सोपं. आपल्या गावी पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्यावर ८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण साडेचार अंश सेल्सियस. समुद्रसपाटीला हे १०४ ते १०५ अंशांच्या आसपास येतं. एक-दोन अंश पुढं गेलं की गोंद.

त्याच वर्षी आणखी एक चूक. रस गाळायला मी जुना सुती पंचा घेतला, दुपदरी केला, नळाला बांधला. एवढं ठीक होतं. पण थेंब थेंब गळताना बघवेना. श्रीखंडाचा चक्का बांधतो तेव्हा शेवटी पिळतो की नाही? मी पिळला. वाटीभर रस जास्त मिळाला आणि सगळाच गढूळ झाला. पिळल्यानं गराचे बारीक कण कापडातून खाली येतात. ती वाटी फार महाग पडली. त्या जेलीतून उजेड दिसत नाही, ती नुसती जांभळी भिंत दिसते.

तिसऱ्या वर्षी मी शिस्तीत वागलो. चौथा घड कच्चट. पळीनं दाबलेले मणी. न पिळलेला पंचा. चार कप रस, तीन कप साखर. चमच्यावरून पत्रा घसरला, आच बंद. सकाळी बाटली आडवी केली, जेली जागची हलली नाही. मी बायकोला हाक मारली. तिनं उजेडात धरून बघितली, मान डोलावली, चमचा तोंडात घातला आणि थांबली. "वाळू आहे," ती म्हणाली.

होती. बारीक काचेसारखे खडे दाताखाली कचकचत होते. मला वाटलं बाटली फुटली. नाही. द्राक्षाच्या रसात टार्टारिक आम्ल असतं. रस गार झाला की त्याचा पोटॅशियमशी झालेला क्षार खडे होऊन खाली बसतो. वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूला जो थर धरतो तो हाच, आणि केक करणारे 'क्रीम ऑफ टार्टार' म्हणून जी पांढरी पूड वापरतात तीही यापासूनच. अपायकारक काही नाही. पण जेलीत ती रेतीच. उपाय अगदी आळशी माणसाचा आहे. गाळलेला रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी वरचा रस अलगद दुसऱ्या भांड्यात ओतायचा, तळाला बसलेले खडे तिथंच सोडायचे. हातानं काही करायचं नाही. म्हणूनच मी तो केला नव्हता.

तरी ती जेली मी बाटल्यांत भरली. बाटल्या लोणच्याच्या, धुतलेल्या, झाकणंही तीच. घरी आईचं लोणचं वर्षभर राहायचं ना! लोणच्याला मीठ असतं, वर तेलाचा थर असतो. जेलीच्या वर नुसती हवा होती. तळघरात ठेवलेल्या सहापैकी चार बाटल्यांवर दिवाळीपर्यंत बुरशी आली. आणि पाचवी बाटली मी त्याआधीच एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हा भेट म्हणून दिली होती. त्यानं आठवड्यानंतर विचारलं, "वरचा हिरवा थर काढून खायची असते का?" तो थट्टा करत नव्हता. त्याला वाटलं, भारतीय पद्धत असेल. मी त्याला सांगितलं, फेकून दे, चूक माझी आहे. तीन वर्षांत मी पहिल्यांदा हे वाक्य उच्चारलं. आणि बुरशीचा थर काढून खालचं खायचं नसतं. सगळंच टाकायचं असतं.

यासाठी इथं वेगळ्या काचेच्या बरण्या मिळतात. जॉन मेसन नावाच्या माणसानं १८५८मध्ये पेटंट घेतलेली, म्हणून 'मेसन जार'. आता तिचं झाकण दोन भागांत असतं, एक चपटी चकती आणि तिला धरणारं कडं. बरण्या आधी दहा मिनिटं पाण्यात उकळायच्या, जेली गरम असतानाच वर पाव इंच जागा सोडून भरायची, काठ पुसायचा, झाकण लावायचं आणि पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवून पाच मिनिटं ठेवायची. उंचावरच्या गावात थोडा जास्त वेळ. बाहेर काढली की गार होताना चकती आत ओढली जाते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आला की हवा बंद झाली. चकती दर वेळी नवी घ्यायची. कडं पुन्हा चालतं.

चौथ्या वर्षी मी एकटाच नदीवर गेलो. आजी उन्हाळ्यातच घर विकून लेकीकडं दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या होत्या. मी बादलीतला एकेक घड तपासला, प्रत्येकातला एक मणी चिरडून बी बघितलं. या वेळी एकही मूनसीड निघालं नाही. वेलाचा फोटो काढून अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला. जेलीचा काढायला अजून वेळ होता.

लगेच फोन आला. "आरं, ह्ये खुंटाचं पान दिसतंय. कुठं सापडलं?"

म्हटलं, "अण्णा, इथं नदीकाठाला असंच उगवतं. रान आहे."

"रान नव्हं ते," अण्णा म्हणाले. "आपल्या प्लॉटला खाली काय हाय? डॉगरीज. ती कुठली? तिकडचीच की."

मी गप्प झालो. मी कॉलेजात असताना आम्ही दुसरा प्लॉट लावला, तेव्हा आधी डॉगरीजची रोपं लावली होती आणि ती धरल्यावर त्यांवर थॉमसनचं कलम भरलं होतं. पाणी कमी, जमीन खारवट, म्हणून मुळं डॉगरीजची. मग माझं काम एकच असायचं, कलमाच्या खालून खुंटाला फुटवा आला की मोडून टाकायचा. 'रानटी फूट' म्हणायचो आम्ही तिला. शेकडो फुटवे मी मोडले असतील. एकाही वेलाला फळ लागेपर्यंत जगू दिलं नाही.

नंतर वाचलं तेव्हा अण्णांचं बरोबर निघालं. डॉगरीज हा टेक्सासच्या रानद्राक्षांतून निवडलेला खुंट. माझ्या नदीकाठच्या वेलाची जात वेगळी, पण कूळ एकच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून गेलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधल्या द्राक्षबागांची मुळं खाल्ली, तेव्हा त्या वाचल्या त्या अमेरिकेतल्या रानद्राक्षांच्या खुंटावर कलमं बांधून. त्यात रिपारियाही होतं, हेच नदीकाठचं. टेक्सासमधल्या डेनिसन गावचे टी. व्ही. मन्सन यांनी त्या कामात मोठी मदत केली म्हणून १८८८मध्ये फ्रान्सनं त्यांचा सन्मान केला. म्हणजे ज्या द्राक्षाला आमच्याकडचा व्यापारी गाडीतून उतरून बघणार नाही असं मी म्हणत होतो, त्याच्याच भाऊबंदांच्या मुळांवर आमच्या घरचा माल उभा होता. माझं शिक्षणही त्याच मालावर झालं. मी वरचे घड बघत मोठा झालो. खाली बघायची वेळ आली की मोडायलाच वाकलो.

अण्णांनी शेवटी विचारलं, "ग्वाड हाय का?"

"नाही. लई आंबट."

"मग साखर हात राखून घालू नगंस," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पुस्तकं वाचून मला जे तीन वर्षांत समजलं होतं ते त्यांनी न विचारता सांगितलं.

ज्यांना करून बघायची असेल त्यांच्यासाठी माप देतो. साधारण दीड ते पावणेदोन किलो द्राक्षांतून चार कप रस निघतो. त्याला तीन कप साखर लागते. दोन-तीन बरण्या होतात, फार तर चार. आपल्याकडं ही रानद्राक्षं नाहीत; पण आंबट, थोडी कच्चट करवंदं किंवा पेरू घेतले तरी रीत हीच, पेक्टिन दोन्हींत भरपूर. रानातलं कुठलंही फळ ओळखीच्या माणसानं दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका, आणि त्यानं चूक दाखवली तर त्याच वेळी आभार माना. नंतर पत्ता शोधावा लागतो. मी शोधला. चौथ्या वर्षीची पहिली बरणी आजींना टपालानं पाठवली, सोबत त्या दिवशी न मानलेले आभार लिहून.

त्या वर्षी दोन घाणे काढले, सहा बरण्या झाल्या. पाच गोठल्या. सहावी का गोठली नाही हे कळलं नाही. ती फ्रिजच्या दारात आहे आणि तिच्यावर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'काकवी'.